पंधरा वर्षांची गाडी: ठेवायची की बदलायची? ग्वाल्हेरमधल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मामांच्या घरचं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे मात्र मामांच्या डायरीतले आहेत. हिशेब मांडायला मला बोलावलं होतं. माझंही काही चुकलं, तेही खाली येईलच.

पार्श्वभूमी

मामा महालेखापालांच्या कार्यालयातून, म्हणजे एजी ऑफिसातून, 2013 ला निवृत्त झाले. राहतात ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जुन्या वाड्याच्या अर्ध्या हिश्श्यात. नोकरीत असताना, जून 2010 मध्ये त्यांनी वॅगन आर घेतली. साधं मॉडेल, 998 सीसीचं पेट्रोल इंजिन, ना एअरबॅग ना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जागीच आवळू न देणारी यंत्रणा). त्या किमतीच्या गाड्यांत तेव्हा ते कोणी मागतही नसे. पुढे नियम आले. एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आणि 2021 च्या अखेरपासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या झाल्या.

साडेचौदा वर्षांत गाडी 91 हजार किलोमीटर चालली. आता वर्षाला जेमतेम साडेचार हजार होतात: भाजी मंडई, बँक, दवाखाना, लग्नकार्यं, आणि वर्षातून तीनदा नोएडा, लेकीकडे. प्रत्येक खर्च डायरीत तारखेनिशी लिहिलेला. क्लच प्लेट कधी बदलली विचारा, मामा पान काढून दाखवतील. गेल्या पाच वर्षांचा दुरुस्तीचा खर्च सरासरी वर्षाला 16,800 रुपये. या काळात गाडी रस्त्यात बंद पडली एकदा, तीही बॅटरीमुळे.

अशी गाडी विकायचा विचार कोणी का करावा?

अडचण कुठे सुरू झाली

जानेवारी 2025 चा पहिला आठवडा. मामा-मामी नोएडाहून परतत होते. आग्र्यात चहाला वेळ गेला, मोरेन्यात गजक, म्हणजे तीळगुळाची मिठाई, घ्यायला आणखी. बानमोर ओलांडेपर्यंत अंधार आणि धुकं दोन्ही उतरलं होतं. पुढे उसाची ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरही नाही. मामांना ती दिसली तेव्हा अंतर फार उरलं नव्हतं. त्यांनी ब्रेक दाबला, चाकं जागीच आवळली आणि गाडी तिरकी होत घसरत गेली. मामींच्या मांडीवरचा गजकेचा डबा समोरच्या काचेवर आदळून फुटला. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीचा लोखंडी पाट आणि बॉनेट यांच्यात, मामींच्या भाषेत, "एक पाट-रांगोळी मावेल" इतकी जागा होती. घरी येईपर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत. डॅशबोर्डच्या फटीतून तीळ अजून निघतात.

आठ दिवसांनी लेकीचा फोन आला. तिची मुलगी चार वर्षांची. लेक म्हणाली, "बाबा, तुमची गाडी कितीही चांगली असो, माझी मुलगी त्यात हायवेवर बसणार नाही. आणि तुम्हीही बसू नका." मामा दुखावले. पण जूनमध्ये आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची, 15 वर्षांची मुदत संपत होती, तेव्हा विषय टाळून चालणार नव्हतं.

त्यात दिल्लीची अडचण. 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात (एनसीआर) तेव्हा सरसकट बंदी होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश 2014 चा, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो कायम केला. ग्वाल्हेर एनसीआरमध्ये येत नाही, इथे नूतनीकरण करून गाडी खुशाल चालवता येते. पण नोएडा एनसीआरमध्ये आहे, म्हणजे जूननंतर लेकीच्या दारात हीच गाडी नियमाबाहेर ठरणार होती.

समोर काय पर्याय होते

पहिला, नवी गाडी. ग्वाल्हेरकरांना याचा मुहूर्त सांगावा लागत नाही. 1905 पासून भरणारा व्यापार मेळा डिसेंबरअखेर सुरू होतो, फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत चालतो, आणि मेळ्यात घेऊन ग्वाल्हेर आरटीओत नोंदवलेल्या गाडीला राज्य सरकार रोड टॅक्समध्ये 50 टक्के सवलत देतं. त्या वर्षीही ती जाहीर झाली. मामांनी पाहिलेल्या गाडीच्या कोटेशनवर टॅक्सची रक्कम साठ हजारांच्या आसपास होती, मेळ्यात ती निम्मी. तीस हजार वाचतात म्हटल्यावर आमच्याकडे भले भले शहाणे घाईला येतात.

दुसरा, तीन-चार वर्षांची सेकंडहँड गाडी. हा पर्याय माझा लाडका. तो एका दुपारीच संपला. एका विक्रेत्याकडे 2021 ची सुरेख गाडी मिळाली, मीटरवर 38 हजार. नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसची नोंद काढली, तर आठ महिन्यांपूर्वीच मीटर 61 हजारांवर होता. मामा विक्रेत्याला एवढंच म्हणाले, "आमच्या ऑडिटात असे आकडे उलटे चालत नसत." मग दुसरी गाडी बघायलाही ते तयार झाले नाहीत. एका अनुभवावरून अख्खा पर्याय सोडला, हे चूकच होतं. पण फसवल्यासारखं झालं की माणूस पुढे बघत नाही.

तिसरा, जुनीच ठेवायची: आरसीचं पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं आणि लागेल ती दुरुस्ती करायची. एप्रिल 2022 पासून खासगी कारसाठी याची फी 5,000 रुपये आहे, आधी 600 होती.

चौथा पर्याय कागदावर आम्ही लिहिलाच नव्हता. तो पुढे येईल.

हिशेब, आणि माझी चूक

मी एक्सेलमध्ये तक्ता केला. पैशांपुरता निकाल सरळ होता. नव्या गाडीला आठ लाख लागणार आणि ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून काढावे लागणार. तिथे 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 16,400 रुपये व्याज येतं, वर्षाला 65,600. वर मुदतीआधी पैसे काढल्याचा दंड. इंधनात नवी गाडी वाचवणार किती? साडेचार हजार किलोमीटरला जुनीला 14 चं अॅव्हरेज आणि नवीला 19 चं धरलं तरी वर्षाला सुमारे 85 लिटरचा फरक, म्हणजे साधारण नऊ हजार रुपये. विमा: जुनीला फक्त थर्ड पार्टी, 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये अधिक जीएसटी. नवीला पहिल्याच वर्षी त्याच्या दसपट. घसारा तर धरलाच नव्हता. इतक्या कमी चालणाऱ्या गाडीला आठ लाख घालणं हिशेबात कुठेच बसत नाही.

मग मी "सुरक्षा" नावाचा रकाना घातला, त्याला 10 पैकी गुण दिले आणि सगळ्या रकान्यांची बेरीज केली. जुनी गाडी तरीही जिंकली. लेकीने व्हॉट्सअॅपवर तक्ता बघितला आणि लिहिलं, "दादा, अॅव्हरेजला 7 आणि जीव वाचण्याला 4, यांची बेरीज कशी काय करतोस?" उत्तर नव्हतं. तक्ता डिलीट केला.

मेळ्यातले दोन आठवडे

फेब्रुवारीत आम्ही तीनदा मेळ्यात गेलो. झूल्याच्या बाजूने शिरायचं, पापड खायचे, मग ऑटोमोबाइल सेक्टर. मामांना एक गाडी मनापासून आवडली. सहा एअरबॅग, एबीएस, लहान मुलाची सीट अडकवायला आयसोफिक्सचे हुक, ऑटोमॅटिक गिअर. डावा गुडघा दुखतो म्हणून क्लच नसलेली गाडी त्यांना चालवताक्षणी पटली. सेल्समन म्हणाला, "बाबूजी, सवलत 25 तारखेपर्यंतच, गर्दी होईल, आज बुक करा." मामा चेकबुक घेऊन आले होते.

बुकिंग दोन दिवस लांबलं ते एका वेगळ्याच कारणाने. वाड्याचं फाटक. जुनी गाडी दीड मीटरपेक्षाही अरुंद, त्या दगडी चौकटीतून सहज जाते. नवी गाडी 1.7 मीटरच्या वर. मामा घरी येऊन टेप घेऊन फाटकात उभे राहिले: 188 सेंटीमीटर. आरसे मिटले तर जाईल, दोन्हीकडे सात-सात सेंटीमीटर सोडून. रोज दोनदा. शिवाय कोपऱ्यावरचा दगड बाहेर आलेला. फाटकाला हात लावायचा तर वाड्याच्या दुसऱ्या हिश्श्याची परवानगी हवी, आणि ज्याला वाड्यातली भाऊबंदकी माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको.

त्या रात्री टेप गुंडाळत असताना मामींनी विचारलं, "अहो, एक सांगा. ही गाडी आली की तुम्ही पुन्हा धुक्यात रात्री नोएडाहून गाडी आणणार ना?"

मामा म्हणाले, "मग? त्यासाठीच तर घेतोय."

"मग नको मला."

या प्रकरणाचा कणा मला या तीन वाक्यांत दिसतो. आम्ही दीड महिना गाडीचं वय मोजत होतो. मामी म्हणत होत्या, त्या संध्याकाळी ट्रॉली इतक्या उशिरा का दिसली ते आधी बघा. "मला ती आधीच दिसली होती, मी ओरडले तेव्हा तुम्ही ब्रेक मारलात," मामी म्हणाल्या. हे त्यांनी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

मग शोधाशोध केली ती अशी

दुसऱ्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. समोरून दिव्याचा झोत आला की काही क्षण सगळं पांढरं दिसायचं. मामांना वाटायचं, हल्ली लोक हेडलाइटच वाईट लावतात. 2022 ला लायसन्सचं नूतनीकरण करताना त्यांनी डॉक्टरी दाखला दिला होता, तेव्हा काही निघालं नव्हतं. मधल्या काळात परत कोणी तपासलं नाही.

त्याच आठवड्यात गाडी शिंदे की छावणीतल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. मी टायरजवळ बसलो होतो. नक्षी छान खोल, नव्यासारखी. मिस्त्रीने टायरच्या कडेवरचे चार आकडे अंगठ्याने पुसून दाखवले: 2317. म्हणजे 2017 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेलं टायर. गाडी कमी चालते म्हणून टायर झिजले नव्हते, पण साडेसात वर्षांत रबर दगड झालं होतं. नखाने दाबून पाहिलं तर नख वाकलं. ब्रेक ऑइल काळपट. ते दर दोन-तीन वर्षांनी बदलायचं असतं, कारण हवेतली ओल शोषतं. डायरीत त्याची नोंद शोधली. एकदाही नाही. पंधरा वर्षं पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या डायरीत, जो खर्च झालाच नाही तो कसा दिसणार!

इंजिनाचं कॉम्प्रेशन उत्तम निघालं. मिस्त्री म्हणाला, "इंजन तो अभी दस साल और चलेगा बाबूजी. नीचे पट्टी में जंग है, वो देख लो."

तर जानेवारीतल्या त्या घसरण्यामागे धुकं होतं, ट्रॉलीवाला होता, मोतीबिंदू होता, कडक टायर होते आणि एबीएस नसणंही होतं. एबीएस असतं तर चाकं आवळली नसती, स्टिअरिंग हातात राहिलं असतं. हे मी कमी लेखत नाही. पण नवी गाडी घेऊन या पाचांपैकी दोनच गोष्टी सुधारल्या असत्या, आणि मामा पहिल्यापेक्षा निर्धास्तपणे रात्री निघाले असते.

काय ठरलं, काय केलं

तेव्हा चौथा पर्याय पुढे आला: गाडीची कामं वेगळी करायची. शहरात जुनी गाडी, तीही दिवसा. नोएडाला रेल्वे. ग्वाल्हेरहून दिल्लीला शताब्दी, गतिमान, वंदे भारत आहेत, चार तासांच्या आत पोहोचवतात. पुढे स्टेशनवरून टॅक्सी. हा पर्याय आधी का सुचला नाही, याचं उत्तर मामांनीच दिलं: "गाडी दारात असताना रेल्वेने जाणं म्हणजे गाडी नसल्यासारखं वाटतं रे."

मेळ्याची सवलत सोडून दिली. 25 फेब्रुवारीला मामा दिवसभर चिडचिडे होते.

मार्च ते मे दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. गाडीला चार टायर (13,400), ब्रेकचं संपूर्ण काम आणि नवं ऑइल (5,200), सस्पेन्शनचे बुश आणि आर्म (6,800), खालच्या पट्टीचं गंजकाम, बॅटरी. इंधनाचे आणि रेडिएटरचे रबरी पाइपही बदलले. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल येतं आणि इतक्या जुन्या गाडीच्या इंधन पाइपांचं रबर त्यासाठी बनवलेलं नसतं. मुदत संपायच्या आधी 60 दिवसांत नूतनीकरणाचा फॉर्म 25 भरला, नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली, चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप काढून दिला, आरटीओत गाडी दाखवली. आरसी जून 2030 पर्यंत वाढली. एकूण खर्च 43,400 रुपये, म्हणजे बचत योजनेतल्या त्या आठ लाखांच्या तीन तिमाह्यांच्या व्याजापेक्षा कमी.

पुढे काय झालं

1 जुलै 2025 पासून दिल्लीत मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर पेट्रोल द्यायचं नाही असा नियम आला आणि दोन-तीन दिवसांतच मागे पडला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा गाड्यांवर केवळ वयावरून कारवाई करू नका म्हटलं. मामा लगेच म्हणाले, "बघ, आता नोएडाला नेता येईल!" मामींनी फक्त बघितलं. डिसेंबरात न्यायालयाने तो दिलासा बीएस-4 (गाडीच्या धुराचा सरकारी निकष) आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता ठेवला. आमच्या आरसीवर बीएस-3 आहे. एप्रिल 2010 मध्ये बीएस-4 ज्या 13 शहरांत लागू झालं त्यांत आग्रा होतं, ग्वाल्हेर नव्हतं. 120 किलोमीटरचा फरक. रेल्वेचा निर्णय या उलटसुलट आदेशांवर अवलंबून नव्हता, म्हणून घरात तेवढी शांतता राहिली.

22 सप्टेंबर 2025 ला लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर उपकरासह 29 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. करापूर्वी सहा लाखांची गाडी 7,74,000 ची होती ती 7,08,000 ची झाली, 66 हजारांनी स्वस्त. मेळ्यातल्या सवलतीच्या दुपटीहून जास्त. मामांनी सकाळी सातला फोन करून मला शाबासकी दिली. ती मी घेतली नाही. फेब्रुवारीत हे कोणालाच माहीत नव्हतं. कर वाढला असता तर हाच निर्णय सगळ्यांनी मूर्खपणाचा ठरवला असता.

सगळं गोड झालं असंही नाही. ऑगस्टच्या पावसात फूलबागेजवळ गाडी बंद पडली, इग्निशन कॉइल गेली, मिस्त्री येईपर्यंत दोघं तासभर आत बसून होती, 2,900 रुपये. मे महिन्यात 45 डिग्रीत तिचा एसी नुसता आवाज करतो. आणि लेकीचं अजून पूर्ण पटलेलं नाही. तिचं म्हणणं, शहरातही अपघात होतात आणि एअरबॅग शहरातही लागते. दिवाळीला ती आली तेव्हा शिवपुरीला जायला तिने नवी टॅक्सी केली, मुलीची सीट सोबत आणली होती. मामा पुढे बसले, काही बोलले नाहीत. तिच्या मुद्द्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. आम्ही धोका कमी केला, संपवला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, घसरणं का झालं ते त्याच आठवड्यात शोधलं असतं. टायरवरचे चार आकडे बघायला दोन मिनिटं लागतात, आम्हाला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत मामा त्याच टायरांवर गावभर फिरत होते, ही या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक.

मामींना पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. गाडीत दोन माणसं होती, आम्ही जबानी एकाचीच घेतली.

सेकंडहँडचा पर्याय पुन्हा उघडता आला असता. गुडघ्याचा विचार करता चार लाखांतली ऑटोमॅटिक गाडी, आठ लाख न मोडता, कदाचित लेकीचंही समाधान करून गेली असती. आजही माझा कल तिकडे आहे.

आणि गाडी केव्हा काढायची हे आधीच लिहून ठेवायला हवं, म्हणजे ते मेळ्याच्या तारखेवर ठरत नाही. हे मात्र आता झालं आहे. डायरीच्या शेवटच्या पानावर मामांनी लिहिलंय: टायर सोडून एका वर्षात 40 हजारांवर खर्च गेला, किंवा गंज पट्टीतून वर चढला, किंवा क्लच दाबताना गुडघ्याने नकार दिला, तर बैठक न घेता विकणे. खाली दोन तारखा आहेत. आरसीची जून 2030, मामांच्या अक्षरात. तिच्यावर, जागा नसताना कोंबून लिहिलेली, लायसन्सची ऑक्टोबर 2027. ते अक्षर मामींचं आहे.